आयटी कमिटीचं अध्यक्षपद गळ्यात पडलंय, आता बघायचं काय?

प्रश्न विचारणारे दादा धुळे जिल्ह्यातल्या एका छोट्या अर्बन बँकेवर नुकतेच संचालक म्हणून निवडून आलेत. स्वतःची डाळ मिल आहे, कॉम्प्युटरशी संबंध टॅली आणि व्हॉट्सअ‍ॅपपुरता, आणि पहिल्याच मीटिंगला सगळ्यांनी मिळून त्यांना आयटी कमिटीचं अध्यक्ष करून टाकलं. ईडीपीवाला, म्हणजे बँकेचे कॉम्प्युटर सांभाळणारा, म्हणतो सगळं ओके आहे. ते विचारताय की मला यातलं कळत नाही तर मी नेमकं बघू काय, सायबर इन्शुरन्स काढला की भागेल का, का सरळ राजीनामा देऊन मोकळा होऊ.

राजीनामा नका देऊ भाऊ. तुमच्या जागी जो येईल त्यालाही कळणार नाहीये, आणि तो असं विचारायच्याही भानगडीत पडणार नाही. मी वीसेक वर्षं जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात अर्बन बँका, पतसंस्था, मधूनमधून एखादा साखर कारखाना नाहीतर जिनिंग, यांचं आयएस ऑडिट, म्हणजे कॉम्प्युटर यंत्रणेची तपासणी, करतोय, आणि कॉम्प्युटर न कळणाऱ्या संचालकांनी विचारलेल्या प्रश्नांनी ईडीपीवाल्यांना जेवढा घाम फुटलेला पाहिलाय तेवढा माझ्या चाळीस पानी रिपोर्टने कधी फुटला नाही.

तुमच्या मिलची मोटर जळाली तर वाइंडिंग तुम्ही करता का? नाही करत. पण तुरीच्या सीझनमध्ये मिल एक दिवस बंद राहिली तर कितीला पडतं हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, गोडाऊनच्या चाव्या कोणाकडे, वजनकाट्यावर कोण बसतो आणि त्याचा मेहुणा ट्रान्सपोर्टवाला आहे का हेही माहीत असतं. बँकेच्या आयटीकडे याच नजरेने बघायचं. सर्व्हर चालवणं मॅनेजमेंटचं काम आहे, कोणती जोखीम बँकेने अंगावर घ्यायची, त्यावर पैसा किती लावायचा आणि ठरलं ते झालं का हे तपासणं बोर्डाचं. सीबीएस, म्हणजे खाती-व्यवहार सांभाळणारं बँकेचं मुख्य सॉफ्टवेअर, व्हेंडरने बनवलेलं असो नाहीतर अजून कोणी, ठेवीदार बुडाले तर लोक व्हेंडरच्या घरी जात नाहीत, तुमच्या मिलवर येतात.

आता माझ्या मते यातली एकच मुद्द्याची गोष्ट आहे, बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. बँकेतली प्रत्येक जोखीम आजच्या घडीला कोणीतरी ऑलरेडी स्वीकारलेली आहे. फक्त ती कोणी स्वीकारली, कधी, कोणाच्या सहीने, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

उदाहरण सांगतो म्हणजे कळेल. एका बँकेत, नाव नको, मे महिन्यात सर्व्हर बसला. आपल्याकडचा मे म्हणजे तुम्हाला सांगायला नको, पारा ४५ च्या वर, दुपारी लाईट गेली, जनरेटर सुरू व्हायला जी दोन-तीन मिनिटं लागतात तेवढी यूपीएसने सांभाळायची असतात, आणि यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या. सर्व्हर धाडकन बंद, डेटाबेस करप्ट, अडीच दिवस बँक बंद, आणि नेमकी लग्नसराई. मी नंतर गेलो तर सगळे ईडीपीच्या पोरावर तुटून पडलेले. पोरगा शांतपणे उठला आणि फाइल काढून दिली, त्यात बॅटरी बदलायची तीन पत्रं, तिन्ही परचेस कमिटीने परत पाठवलेली, शेवटच्या पत्रावर पेनाने शेरा ‘पुढील वर्षी पाहू’. ऐंशी-पंच्याऐंशी हजाराचा खर्च होता. आता मला सांगा, ही जोखीम कोणी घेतली? परचेस कमिटीने घेतली. पण त्यांना कधी वाटलंच नाही की आपण जोखीम घेतोय, त्यांना वाटलं आपण पैसे वाचवतोय. त्या पत्रावर ‘बॅटरी नाही बदलली तर लाईट गेल्यावर बँक दोन दिवस बंद पडू शकते, हे आम्हाला मान्य आहे’ असं लिहून खाली सह्या मागितल्या असत्या ना, तर बॅटऱ्या दुसऱ्या दिवशी आल्या असत्या. मी पैजेवर सांगतो.

म्हणून तुमच्या कमिटीचा पहिला ठराव हाच करा, की आयटीची कोणतीही मागणी, ऑडिटचा कोणताही मुद्दा ‘नाही’ किंवा ‘नंतर’ म्हणून परत पाठवायचा असेल तर कारण, कधीपर्यंत, आणि तोपर्यंत होणाऱ्या नुकसानीला कोण जबाबदार, या तीन गोष्टी प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहायच्या. मोठ्या कंपन्यांत याला रिस्क अ‍ॅक्सेप्टन्स म्हणतात, त्याचे फॉर्म असतात. तुम्हाला फॉर्मची गरज नाही, प्रोसिडिंग बुक पुरतं. आणि त्याला मुदत ठेवा. सहा महिन्यांनी तो विषय आपोआप अजेंड्यावर परत आलाच पाहिजे, नाहीतर ‘तात्पुरतं’ म्हणून दिलेली सूट पाच-पाच वर्षं चालते, मी पाहिलीय.

दुसरा प्रकार उलटा असतो, ईडीपीवालाच बोर्डाच्या वतीने जोखीम घेऊन बसलेला असतो आणि बोर्डाला पत्ता नसतो. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ ला अर्बन बँकांसाठी सायबर सिक्युरिटीचं सविस्तर परिपत्रक काढलं, त्यात बँकांच्या चार लेव्हल पाडल्या, नुसतं सीबीएस असलेली छोटी बँक खाली आणि स्वतःचा एटीएम स्विच (एटीएमचे व्यवहार बँकेशी जोडणारी यंत्रणा), स्विफ्ट (परदेशी पैसे पाठवायचं जाळं) वगैरे असलेली सगळ्यात वर. अगदी खालच्या लेव्हलच्या बँकेलाही सीबीएसमध्ये जाताना पासवर्डशिवाय दुसरा बदलता घटक, म्हणजे ओटीपीसारखं काहीतरी, लागतंच असं त्यात होतं. आता मी ज्या शाखांत जातो तिथे बऱ्याचदा काय दिसतं, तर ओटीपीची सोय आहे पण काउंटरवर गर्दी होते म्हणून बंद करून ठेवलीये. कोणाला विचारून? ‘काही व्हत नही’, हे आपलं ठरलेलं अहिराणी उत्तर. खान्देशात आयटी रिस्कची जी काही पॉलिसी आहे ती या तीन शब्दांत बसते असं मी गमतीने म्हणतो. (परिपत्रकांचे नंबर वगैरे कम्प्लायन्सवाल्याकडून ताजे घ्या, २०२५ च्या शेवटी रिझर्व्ह बँकेने जुनी हजारो परिपत्रकं गोळा करून संस्थेच्या प्रकाराप्रमाणे नव्याने मांडलीत.)

मग हे लपलेलं बाहेर कसं काढायचं? तुम्हाला स्टॉक ऑडिट माहीतेय ना, रजिस्टरला हजार पोती आहे म्हणजे आहे असं तुम्ही मानत नाही, गोडाऊनमध्ये जाऊन मोजता. इथेही तेच करायचं. ‘आहे का’ असं विचारलं तर ‘हो’च येणार, म्हणून ‘दाखवा’ म्हणायचं.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त घाण बाहेर काढणारी तपासणी सांगतो. ईडीपीकडून सीबीएसच्या चालू युजर आयडींची यादी मागवा, अकाउंट्सकडून या महिन्याची पगारपत्रक यादी मागवा, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवा आणि पेन्सिलने टिक करत जा. कॉम्प्युटर लागत नाही. पगार यादीत नाही पण युजर यादीत आहे असं प्रत्येक नाव म्हणजे एक प्रश्न. माझ्या एका ऑडिटमध्ये रिटायर होऊन आठ महिने झालेल्या अधिकाऱ्याच्या आयडीने रोज व्हाउचर पास होत होते. चोरी नव्हती झाली, नवीन साहेबांचा आयडी बनवायला कोणाला वेळ झाला नाही म्हणून जुन्याच साहेबांचा पासवर्ड कॅशियरच्या ड्रॉवरला आतून चिकटवलेला होता! पण चोरी झाली असती तर पोलीस कोणाच्या दारात गेले असते, त्या बिचाऱ्या रिटायर माणसाच्या. शिवाय त्याच यादीत ‘अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’, ‘सपोर्ट१’ असली नावं दिसतील, त्यांच्यापुढे कोणत्या हाडामासाच्या माणसाचं नाव लिहायचं ते विचारा. उत्तर नाही आलं तर आयडी त्याच दिवशी बंद, व्हेंडर कितीही कुरकुरला तरी.

मेकर-चेकरचंही तसंच आहे. कागदावर एक एंट्री टाकतो, दुसरा पास करतो. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात नाहीतर लग्नाच्या दाट तिथीला शाखेत जाऊन बघा, मॅनेजर लग्नाला गेलेले आणि दोन्ही कामं एकच क्लार्क करतोय, साहेब फोनवरून ओटीपी सांगताय. इथे क्लार्कला झापून काही होत नाही. चार माणसांच्या शाखेत दोन सुट्टीवर गेले तर काय करायचं याची सोय हेड ऑफिसने केलेली नसते, ती करा. जवळच्या शाखेतून पास करायचा अधिकार देता येतो, रकमेची मर्यादा लावता येते.

बॅकअपवर मी जास्त लिहीत नाही कारण सगळेच लिहितात. एवढंच, की बॅकअप घेतल्याचा रोजचा रिपोर्ट बघू नका, शेवटचा रिस्टोर कधी केला ते विचारा आणि पुढचा स्वतः समोर बसून बघा. एखाद्या ओळखीच्या खात्याचा कालचा बॅलन्स रिस्टोर केलेल्या सर्व्हरवर काढून दाखवा म्हणायचं. आणि बॅकअपची एक तरी कॉपी नेटवर्कला जोडलेली नसावी, कारण रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस, आलं तर ते जोडलेलं सगळंच कुलूपबंद करतं. मी एका ठिकाणी बॅकअपची हार्डडिस्क सर्व्हरच्याच डोक्यावर ठेवलेली पाहिलीये, वर उदबत्ती लावलेली.

आता व्हेंडर. आपल्या भागातल्या बहुतेक छोट्या बँकांचं सीबीएस बाहेर कुठेतरी होस्ट केलेलं असतं, त्यामुळे ईडीपीवाला म्हणतो की सर आपल्याकडे रिस्कच नाही, सगळं व्हेंडरकडे आहे. ३१ जुलै २०२४ आठवून बघा. सी-एज टेक्नॉलॉजीज ही छोट्या बँकांना सेवा देणारी कंपनी, तिच्यावर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला रिटेल पेमेंटच्या जाळ्यातून तोडलं, तर देशभरातल्या जवळपास ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय, एटीएम एका फटक्यात अडकलं. त्या बँकांनी स्वतः काही चूक केली नव्हती. पण गिऱ्हाईक शाखेतच येऊन ओरडणार ना. काम आउटसोर्स होतं, जबाबदारी होत नाही, ती तुमच्याच टेबलावर राहते.

तेव्हा व्हेंडरचा करारनामा एकदा मराठीत समजावून घ्या, वकिलाला बसवा शेजारी. मी चार ठिकाणी बोट ठेवतो: आपल्याला किंवा रिझर्व्ह बँकेला त्यांची तपासणी करायचा हक्क आहे का, त्यांच्याकडे गडबड झाली तर किती तासांत आपल्याला कळवायचं लिहिलंय, त्यांनी पुढे कोणाला काम पोटकंत्राटावर दिलंय का, आणि उद्या आपण त्यांना सोडलं तर आपला डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशात परत मिळेल. चौथ्यावर बहुतेक करार मुके असतात आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) वाढवताना व्हेंडर जो माज करतो तो त्याच भरवशावर. अजून एक, सर्व्हरवर एनीडेस्क सारखं, लांबून कॉम्प्युटर चालवायचं काही चोवीस तास चालू ठेवलंय का ते बघा. व्हेंडरचा पोरगा पुण्यातून नाहीतर हैदराबादहून कधीही आत येऊ शकतो, आणि त्याचा पासवर्ड ज्याला सापडला तोही. गरज असेल तेव्हा चालू करायचं, रजिस्टरला वेळ लिहायची, काम झालं की बंद.

आणि ‘आमचं सीबीएस सेफ आहे’ या वाक्यावर पण विसंबू नका. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये जो हल्ला झाला त्यात सीबीएसला हातही लागला नव्हता. चोरांनी एटीएम स्विचच्या जागी खोटा स्विच उभा केला, कार्डावर पैसे आहेत का हे सीबीएसला विचारायच्या ऐवजी तो खोटा स्विचच ‘हो द्या’ म्हणत राहिला, ११ तारखेला २८ देशांतून एटीएममधून पैसे निघाले, १३ तारखेला स्विफ्टने हाँगकाँगला गेले, सगळे मिळून ९४ कोटींच्या आसपास. ११ ऑगस्टला शनिवार होता, महिन्यातला दुसरा, म्हणजे बँका बंद. तुमच्या बँकेत दुसऱ्या शनिवारी एटीएमच्या व्यवहारांकडे कोण बघतं? ‘व्हेंडर बघतो’ म्हणाले तर व्हेंडरला एखाद्या रविवारी रात्री नऊला फोन लावून बघा, उचलतो का.

रिपोर्ट कसा मागायचा हे विचारलं नाही तुम्ही पण सांगून ठेवतो. दर तीन महिन्यांनी तुमच्यापुढे एक रंगीत तक्ता येईल, लाल पिवळा हिरवा, हाय मिडियम लो, आणि बहुतेक हिरवं असेल. तो बाजूला ठेवा. रिस्क रजिस्टर मागा, पण दीडशे ओळींचं नको, दहा ओळींचं. प्रत्येक ओळीत काय होऊ शकतं, झालं तर बँक किती तास बंद आणि किती रुपये जाणार, सध्या काय उपाय केलाय, तो चालतो हे शेवटचं कधी तपासलं, आणि मालक कोण. मालकाच्या रकान्यात ‘आयटी विभाग’ लिहून आणलं तर परत पाठवा, तिथे माणसाचं नाव पाहिजे. एटीएम बंद पडण्याचा मालक ईडीपीवाला का असेल हो, तो तर फक्त दुरुस्त करणारा, मालक बँकिंग विभागाचा अधिकारी, कारण एटीएम किती वेळ बंद चालेल हे त्यालाच माहीत.

त्याच्या जोडीला ऑडिट मुद्द्यांची यादी, वयाप्रमाणे. किती मुद्दे तीन महिन्यांच्या आतले, किती वर्षाच्या वरचे, किती एकदा बंद करून परत उघडलेले. तुम्ही एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं, जसे वयाने बघता तसेच हे. इथे आमच्या धंद्याचीही लाज काढतो, कितीतरी आयएस ऑडिटर मागच्या वर्षीचा रिपोर्ट तारीख बदलून देतात, आणि बँकेलाही तेच सोयीचं असतं. दोन वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा, शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच असतील तर ऑडिटर बदला.

सिक्युरिटी बघणारा माणूस ईडीपी हेडच्या हाताखाली नको हे मात्र पक्कं ठेवा. मोठ्या बँकांसाठी आणि मोठ्या एनबीएफसींसाठी (बिगर-बँक वित्त कंपन्यांसाठी) रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये आयटी गव्हर्नन्सचे जे निर्देश काढले, एप्रिल २०२४ पासून लागू झाले, त्यात स्पष्ट होतं की सिसोने, म्हणजे सिक्युरिटीच्या मुख्य अधिकाऱ्याने, आयटी हेडला रिपोर्ट करायचं नाही आणि त्याला धंद्याचं टार्गेटही द्यायचं नाही. ते अर्बन बँकांसाठी काढलेले नव्हते, पण विचार घ्यायला कोणाची परवानगी लागते? तुमच्याकडे वेगळा माणूस ठेवायची ऐपत नसेल, मान्य आहे, मग ते काम दुसऱ्या विभागातल्या एखाद्या चौकस अधिकाऱ्याला द्या, आणि तीन महिन्यातून एकदा त्याला ईडीपी हेड आणि सीईओ दोघं बाहेर असताना कमिटीशी बोलू द्या. पहिल्या वेळी तो काही बोलणार नाही. चहा पाजा, दुसऱ्या वेळी बोलेल.

घटना घडली तर काय याची तालीम एकदा तरी करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावी लागते, लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवावे लागतात, शिवाय रिझर्व्ह बँकेला कळवणं वेगळं. सहा तास म्हणजे चेअरमन मुंबईहून गाडीने परत येईपर्यंत संपले. म्हणून आधीच ठरवा की एटीएम आणि यूपीआय तोडायचा निर्णय रात्री दोन वाजता कोण घेईल, आणि तो चुकला तरी बोर्ड त्याच्या पाठीशी राहील असा ठराव करून ठेवा, नाहीतर तो माणूस सकाळपर्यंत साहेबांच्या फोनची वाट बघत बसतो. फोन नंबरांची यादी कागदावर, प्रत्येकाच्या घरी. सर्व्हरवर ठेवलेली यादी सर्व्हर बंद पडल्यावर कशी उघडणार?

राहिला इन्शुरन्स. काढा, वाईट काही नाही, पण प्रपोजल फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नका. त्यात विचारलेलं असतं की दुसरा घटक लावलाय का, पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या) वेळेवर मारता का, बॅकअप तपासता का, आणि एजंट सगळीकडे ‘होय’ टिक करून आणतो. क्लेमच्या वेळी कंपनी आधी तो फॉर्मच काढते. ग्राहकांचा डेटा फुटला तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात, सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही म्हणून, २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, तो दंड पॉलिसीत बसतो का हेही लेखी विचारा, तोंडी नको. आणि एक डोकं लढवा: तोच कोरा फॉर्म ईडीपीवाल्याला द्या, म्हणा प्रत्येक ‘होय’पुढे पुरावा जोडून आठ दिवसांत परत दे. इन्शुरन्स निघो न निघो, तुमच्या पहिल्या मीटिंगचा अजेंडा तयार झालेला असेल. तोपर्यंत बॅटऱ्या कधी बदलल्या तेवढं आजच फोन करून विचारा, मे यायला फार वेळ नसतो आपल्याकडे.